‘या’ म्हटल्याशिवाय

आजोबांचा एक कान लढाईत तोफेने नेला आणि दुसरा कारखान्यातल्या प्रेस मशीनने. घरात त्यांच्याशी सगळे ओरडूनच बोलायचे.

दारावर तीनदा टकटक केल्याशिवाय आणि घरातल्या कोणी ‘या’ म्हटल्याशिवाय ते कुठल्याही खोलीत पाऊल टाकत नसत. अगदी स्वतःच्या खोलीतसुद्धा. नातीने कारण विचारलं तर एवढंच म्हणायचे, “लढाईत एकदा न विचारता आत शिरलो होतो, पोरी.”

त्यांना जाऊन महिना झाला होता. भर दुपारी नात त्यांच्या खोलीत बसून त्यांचा गणवेश आणि कारखान्याचा बिल्ला पेटीत ठेवत होती. दार बंद होतं. आई स्वयंपाकघरात भांडी घासत होती. घरात तिसरं कोणी नव्हतं.

दारावर तीनदा टकटक झाली.

सवयीने ‘या’ अगदी ओठांवर आलं. नातीने तोंडावर हात दाबला.

पुन्हा तीनदा टकटक झाली. तोच बेताचा, अदबशीर ठोका. कोणी बोललंच नाही तर ते आत यायचे नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने तोंडावरचा हात आणखी घट्ट दाबला.

तेवढ्यात नळाच्या आवाजावर आवाज चढवून आई कातावून ओरडली, “अगं, तोंडात मिठाची गुळणी धरलीस का? जोरात सांग, त्यांना ऐकू येत नाही!”

आणि मग तिने स्वतःच खणखणीत आवाजात सांगितलं, “या, बाबा, या!”

टकटक थांबली. दाराची मूठ हलकेच फिरली.