कारण अज्ञात

घरात इकडची काडी तिकडे न करणारा तो माणूस इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातली आयरिश संगीताची पानं मात्र जिवापाड सुधारत होता. हा कोश सगळ्यांनी मिळून लिहायचा, पण पुराव्याशिवाय त्यात एक ओळ टिकत नाही. आज तो व्हायोलिन वाजवणाऱ्या जुन्या काळातल्या एका बाईच्या पानावर अडला होता.

बायको चहा घेऊन आली.

"अगं, काय वाजवायची ही बाई! आणि लग्न झाल्यावर व्हायोलिनला हातच लावला नाही. का, ते कुठेच सापडत नाही."

"घरच्यांनी काही सांगितलं नाही?"

"नवऱ्याची मुलाखत आहे की. तो म्हणतो, मी कधी अडवलं नाही, तिचं तिनेच सोडलं." त्याने टाइप केलं, 'कारण अज्ञात'. मग हळहळून म्हणाला, "कोणीतरी तिला विचारायला हवं होतं."

"हो ना," बायको म्हणाली.

टेबलावर जागा नव्हती, म्हणून तिने कप नेहमीसारखा स्क्रीनखालच्या पेटीवर टेकवला.



मान अवघडू नये म्हणून त्याने स्क्रीनला उंची द्यायला घेतलेली, तिच्या व्हायोलिनची पेटी.