जन्माचं वजन

लिम्फोमा या कर्करोगाचे उपचार संपून पाच वर्षं झाली, तेव्हा औशाची शिवकन्या आजीसोबत लातूरला तपासणीला गेली. रिपोर्ट पाहून डॉक्टर हसले, "पोरगी एकदम ठणठणीत!" नागम्मा आजीनं आनंदानं नर्सलाच मिठी मारली.

मग डॉक्टरांनी संशोधनासाठीचा फॉर्म काढला आणि शिवकन्याचं जन्मवजन विचारलं.

"साडेचार किलो!" आजी ऐटीत म्हणाली. "अख्ख्या औशात असं बाळ न्हवतं."

"वजनदार बाळांमध्ये हा आजार किंचित जास्त दिसतो, असं काही अभ्यास सांगतात. पण दोष कुणाचाच नसतो," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले.



आजी पुढं वाकून कुजबुजली, "साहेब, तेवढं खोडा. अडीचच किलोची होती. जावेची नात चार किलोची झाली, म्हणून एकोणीस वर्षं साडेचार सांगत आले मी!"