फुग्यातला श्वास

"फुगवा," बाई म्हणाल्या.

शाळेच्या बसच्या चालकानं लाल फुगा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. दहावीचा वर्ग खुदखुदला. मागच्या बाकावर अवघडून बसलेल्या मुख्याध्यापकांनी घसा खाकरला, तशी मुलं गप्प झाली.

तीन आठवड्यांपासून बसमध्ये रोज सकाळी दारूचा वास येत होता. मागच्या मुलांना पत्ताही नव्हता. बाई मात्र चालकाच्या अगदी मागच्या सीटवर बसत. शेजारी त्यांची मुलगी, याच वर्गातली. परीक्षा तोंडावर आलेली, पोरीच्या खोलीत मध्यरात्र उलटली तरी दिवा. बसमध्ये चढली की आईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपायची. आपली लेक आणि चाळीस पोरं एका दारुड्याच्या हाती आहेत, या विचारानं बाईंच्या जिवाचं पाणी पाणी होई. त्यांनी लेखी तक्रार केली.

चालक शपथेवर नाही म्हणाला. मुख्याध्यापक पेचात पडले. अठरा वर्षांत गाडीला ओरखडा न आणणाऱ्या माणसाच्या पोटावर नुसत्या वासावरून पाय कसा द्यायचा?

"पुरावा माझ्या धड्यातच आहे," बाई म्हणाल्या होत्या. "सोमवारी बस लागली की त्यांना पहिल्या तासाला वर पाठवा."

आज धडा बाईंनी झकास रंगवला होता. गंजका खिळा दाखवला, कापून तपकिरी पडलेली सफरचंदाची फोड दाखवली. "लोखंडानं इलेक्ट्रॉन दिले, हे त्याचं ऑक्सिडीकरण. ऑक्सिजननं ते घेतले, हे त्याचं क्षपण. देणारा आहे म्हणून घेणारा आहे. एकट्यानं हा व्यवहार होत नाही."

मग त्यांनी काचेची नळी उचलली. आत नारिंगी खडे, दोन्ही तोंडांना काचेचा कापूस. "श्वासात दारू असेल तर दारूचं ऑक्सिडीकरण होतं, खड्यांचं क्षपण होतं, आणि खडे हिरवे पडतात." स्पिरिटचा बोळा घातलेल्या फुग्यातली हवा त्यांनी नळीतून सोडली. खडे हिरवे झाले. वर्गानं टाळ्या वाजवल्या. त्यांची मुलगी तेवढी वहीत मान घालून बसली होती. तिला चालककाकांचा भारी पुळका. तक्रार मागे घे म्हणून घरी दोनदा रडली होती.

आता चालकानं गाल फुगवून तो लाल फुगा भरला. बाईंनी तो नव्या नळीला जोडला. फुगा हळूहळू आकसला.

खडे नारिंगीच राहिले.

"झालं समाधान?" मुख्याध्यापक उठले. "उगाच साप साप म्हणून भुई धोपटली, बाई."

बाईंचे कान तापले. एवढ्या मुलांसमोर! "सर, आज सकाळीसुद्धा वास होता. अगदी माझ्या नाकाखाली होता. ही काळ्या दगडावरची रेघ समजा!" त्यांनी नळी खिडकीकडे धरली. "नीट बघा, या टोकाला किंचित हिरवट झाक आहे."

"मला नाही दिसत."

"अशी नाही दिसणार. शेजारी स्वच्छ श्वासाची नळी धरली की फरक कळेल."

"आणि स्वच्छ श्वास कुणाचा म्हणायचा?"

"माझ्या मुलीचा. तिची हमी मी देते." बाईंनी तिसरी नळी काढली. "ये गं इकडे."

मुलगी जागची हलली नाही. चालक मात्र पुढे झाला.

"राहू द्या बाई. मीच अजून एक फुगवतो. हवे तेवढे फुगवतो."

"का? आता का घाम फुटला?"

"पोरीला कशाला मध्ये घालता? पटत नसेल तर मी सोडतो नोकरी. देतो लिहून."

"ऐकलंत, सर?" बाईंचा आवाज विजयानं चढला. मुख्याध्यापक आता चालकाकडे संशयानं बघू लागले होते.

कुणीतरी ढकलल्यावर मुलगी उठून टेबलापाशी आली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"आई, नको ना." वर्गात 'बाई'च म्हणायचं, हा नियम ती आज पहिल्यांदा विसरली.

"कर नाही त्याला डर कशाला? फुगव."

तिनं डोळे मिटून फुगवला. बाईंनी स्वतःच्या हातानं फुगा नळीला लावला आणि सगळ्यांना दिसेल अशी नळी उंच धरली. त्यांची नजर मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावर होती.

"आता बघा, सर. स्वच्छ श्वास असा असतो."

मुख्याध्यापक एक पाऊल पुढे आले. चालकानं मान फिरवली. पहिल्या बाकावरची एक मुलगी तोंडावर हात ठेवून उभी राहिली, तेव्हा बाईंनी वर पाहिलं. फुग्यात अजून अर्धी हवा शिल्लक होती, आणि नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवीगार झाली होती.