मोकळं हसू

यंत्राने तिसऱ्यांदा तेच सांगितलं, "मोकळं हसू मिळालं नाही."

"तुझे दात, जबडा ठीक आहेत," डॉक्टर तांबोळी हेमांगीला म्हणाल्या. "हसताना वरचा ओठ जास्त वर जातो, म्हणून हिरड्या दिसतात. ओठाच्या स्नायूला नवी सवय लावायला यंत्राला तुझं एक खरं हसू लागतं."

लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि हेमांगीच्या साऱ्या फोटोंत तोंडावर हात होता. इथेही तो आपोआप वर जात होता.

तेवढ्यात सकाळपासून बाहेर बसलेले तिचे बाबा आत आले. समोरच्या सलूनमध्ये जाऊन त्यांनी झुपकेदार मिशी काढून टाकली होती.

"या हिरड्या तुला माझ्याकडूनच आल्यात," ते संकोचून म्हणाले. "मी चाळीस वर्षं मिशीआड लपवल्या." मग ते हसले, तशा त्यांच्या गुलाबी हिरड्या पार नाकापर्यंत दिसल्या. "आता तुझी आई घरात घेते का बघ!"

हेमांगी खदखदून हसली. यंत्रावर हिरवा दिवा लागला.

"मिळालं! करू सुरू?" डॉक्टरांनी विचारलं.

"थांबा. आधी आमच्या दोघांचा एक फोटो काढा."

तिचे दोन्ही हात मांडीवरच होते.