पाच मिनिटं आधी

समुपदेशक बाईंनी आईला बजावलं होतं, "टॅब हिसकावून घेऊ नका. पाच मिनिटं आधी सांगा, म्हणजे मुलीला कमी त्रास होतो." तेव्हापासून आई रोज स्वयंपाकघरातून हाक द्यायची, "पाच मिनिटं राहिली हं, चिमणे!" आणि लेकीचं आकांडतांडव खरंच थांबलं होतं.

आज दुपारी आई बाहेरून कडी लावून दुधाला गेली. परत येऊन पाहते तो टॅब कपाटात, आणि लेक खुर्चीत शहाण्यासारखी बसलेली.

"अगं बाई! आज न सांगताच?"

"तूच तर सांगितलंस आतून."

आई हसणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली. आवाज तिचाच, लाडिक हेलही तिचाच. "तीन मिनिटं राहिली हं!"

आईच्या हातून दुधाची पिशवी निसटली. टॅब तर केव्हाच बंद झाला होता. मग ही तीन मिनिटं कशाची?

"दोन मिनिटं राहिली हं!" आवाज आता दाराशी आला होता. या खेपेलाही 'चिमणे' नव्हतं.

लेकीने आईचा हात हलकेच थोपटला. "रडू नकोस. आधी सांगितलं की कमी त्रास होतो."