ताजा रंग
दुपारी बापलेक नवा रंग दिलेली शिडाची होडी घेऊन बंदराकडे परतत होते. वळसा वाचवायला बापाने तरंगत्या लोखंडी बोयाच्या जवळून वाट धरली. "बाबा, लांबून चला की! बोया काय पाहुणा आहे गळाभेट घ्यायला?" पुढे बसलेली लेक हसली. "तुझ्या जन्माआधीपासून सुकाणू धरतोय गं," तो म्हणाला. तेवढ्यात वारा पडला. शीड ओल्या पदरासारखं लोंबलं. ओहोटीने होडी बोयाकडे ओढली. होडी फुटली तर बांधता येते, मध्ये हातपाय घालायचे नाहीत, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. पण ताज्या रंगाकडे बघत तोच ओरडला, "पाय लाव, पोरी, पाय!" लेक बापाच्या शब्दातली, तिने लावला. हाड कडकन वाजलं. दवाखान्यात पाय काढावा लागला. परतल्यावर तो होडीची एकेक फळी चाचपत राहिला, एक तरी ओरखडा सापडावा म्हणून.