तिसरा कोअर

पॅसेजमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर स्पृहाची ॲनिमेशन फिल्म तयार होता होता अडकायची, आणि कॉलेजच्या प्रवेशासाठी ती संध्याकाळपर्यंत पाठवायची होती. प्रोसेसरमध्ये चार कोअर, म्हणजे काम वाटून घेणारे चार भाग आहेत, पण कंपनीने दोन बंद करून तो विकलाय, हा शोध तिचाच. बाबा सकाळपासून ते उघडायच्या मागे लागले होते. चौथा उघडला की स्क्रीन निळा पडे. शेवटी त्याचा नाद सोडून त्यांनी एकटा तिसरा उघडला, आणि फिल्म सरसर पुढे सरकू लागली.

तेवढ्यात अवधूतकाका चहाचा कप घेऊन आपल्या वाटणीच्या स्वयंपाकघरातून बाहेर आले.

"वा! वाटणीत तुझ्याकडे दोन कोअरचा कॉम्प्युटर गेला होता. हा तिसरा कुठून उगवला?"

"आतच होता. कंपनीने झाकला होता," बाबा म्हणाले.

"म्हणजे वाटणीत आलाच नव्हता. अर्धा माझा."

"अर्धा कोअर घेऊन करणार काय? पोळीला लावून खाणार?"

"ते मी बघेन. माझ्या संमतीशिवाय तो चालायचा नाही."

"मग नकोच तो, तुलाही नको आणि मलाही!"

"बाबा, थांबा, फिल्म…"

बाबांनी कॉम्प्युटर तसाच बंद केला, पुन्हा चालू केला आणि तिसरा कोअर परत झाकून टाकला. फिल्म पहिल्यापासून सुरू झाली.

वाटणीत कोणाची ते अजून न ठरलेल्या मधल्या खोलीच्या दाराला स्पृहाने पाठ टेकली. पाठीला दोन कुलपं टोचली, एक बाबांचं आणि एक काकांचं.